औषधं, अर्थशास्त्र आणि पिकांवरची बुरशी : संशोधनातल्या या चुका टाळा

वैद्यक, अर्थशास्त्र आणि वनस्पतींवरची बुरशी, या तीन विषयांतला एकेक शोधनिबंध एका बैठकीत वाचून बघा. परिभाषा वेगळी, आलेख काढायची रीत वेगळी, पण गफलती बहुतेक त्याच. एका शाखेने चूक कधीच ओळखून तिला नावही दिलेलं असतं आणि शेजारच्या शाखेत तीच बिनबोभाट छापून येत असते. म्हणून इथे विषयवार यादी नाही. चूक कुठे शिरते त्या क्रमाने लिहिलं आहे. पहिली चूक सगळ्यात महागात पडते, म्हणून तिला जागाही जास्त.

कुंड्या चाळीस, प्रयोग एक

समजा, भातावरच्या करप्याविरुद्ध एखादं द्रावण तपासायचं आहे. दोन ग्रोथ चेंबर (तापमान आणि ओलावा ताब्यात ठेवणारी रोपांची कपाटं) आहेत. एकात द्रावण फवारलेल्या वीस कुंड्या, दुसऱ्यात नुसतं पाणी फवारलेल्या वीस. सगळ्यांवर बीजाणूंचं सारखंच मिश्रण मारलं, आठवड्याने पानांवरचे डाग मोजले. फरक नुसत्या डोळ्यांना दिसतोय. टी-टेस्ट लावली, पी ०.०१ च्या खाली, म्हणजे द्रावण निकामी असतं तर एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी. पेपर लिहायला घ्यायचा?

नाही. करप्याच्या बुरशीला पानात शिरायचं तर पान काही तास ओलं राहावं लागतं. एका चेंबरचा ह्युमिडिफायर (हवा दमट ठेवणारं यंत्र) जरा जोरात चालत असेल किंवा दुसऱ्याच्या दाराची रबरी पट्टी सैल झाली असेल, तर डागांमधला सगळा फरक तेवढ्यानेही पडू शकतो. द्रावणाचा परिणाम कोणता आणि चेंबरचा कोणता, हे या मांडणीत वेगळं काढताच येत नाही. हिशेबाला प्रत्येक बाजूला वीस नग नाहीत, एकच आहे. चाळीसच्या चारशे कुंड्या केल्या तरी तो एकच राहतो. परिसंस्थांचे अभ्यासक स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या प्रकाराला ‘स्यूडोरेप्लिकेशन’ (खोटी पुनरावृत्ती) असं नाव दिलं.

अर्थशास्त्रात हाच घोळ वेगळ्या वेषात येतो. मारियान बर्ट्रांड, एस्थर डुफ्लो आणि सेंधिल मुल्लयनाथन यांनी २००४ मध्ये एक मजेशीर तपासणी केली. अमेरिकेतल्या स्त्रियांच्या वेतनाची खरी आकडेवारी घेतली, काही राज्यांत एखादा कायदा लागू झाला असं कल्पनेनेच ठरवलं आणि त्या ‘कायद्याचा’ वेतनावर परिणाम झाला का ते नेहमीच्या पद्धतीने मोजलं. कायदा अस्तित्वातच नव्हता. शंभरात फार तर पाच वेळा योगायोगाने परिणाम दिसायला हवा होता. तो ४५ टक्क्यांपर्यंत दिसला. कारण तेच. एका राज्यातल्या हजारो स्त्रिया म्हणजे हजारो स्वतंत्र पुरावे नव्हेत, आणि त्याच राज्याचं यंदाचं वेतन गेल्या वर्षीच्या वेतनाशी बांधलेलं असतं.

वैद्यकात तीन उंदरांच्या तीनशे पेशी मोजून ‘एन बरोबर तीनशे’ (म्हणजे स्वतंत्र नमुने तीनशे) लिहितात. किंवा दहा दवाखान्यांपैकी पाचांतल्या डॉक्टरांना प्रशिक्षण देतात आणि हिशेबात मात्र रुग्णांची डोकी मोजतात.

तपासायला एकच प्रश्न पुरतो: ट्रीटमेंट (जे तपासायचं ते: फवारणी, औषध किंवा कायदा) एकमेकांपासून स्वतंत्रपणे कशाला मिळाली? पानाला, कुंडीला, चेंबरला, दवाखान्याला की राज्याला? जे उत्तर येईल तोच नग, मग तुमच्या तक्त्यात ओळी कितीही असोत.

प्रयोग अजून व्हायचा असेल तर उपाय सोपा आहे. दोन्ही चेंबरमध्ये दोन्ही प्रकारच्या कुंड्या ठेवा आणि जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा. तपासायची गोष्ट तापमानच असेल तर हे जमणार नाही. तेव्हा चेंबरची अदलाबदल करून सगळा प्रयोग पुन्हा पुन्हा करावा लागतो. प्रयोग होऊन गेला असेल आणि दोन्हीकडे चार-पाच तरी चेंबर असतील तर प्रत्येक चेंबरची सरासरी काढून तिच्यावरच टेस्ट लावा, किंवा गट लक्षात घेणारं मॉडेल वापरा. दोन्हीकडे एकेकच चेंबर असेल तर कुठलंही सॉफ्टवेअर वाचवणार नाही. रिव्ह्यूअरने सांगायच्या आधी स्वतःच पुन्हा करा.

गंमत म्हणजे या सगळ्याचं मूळ शेतातच आहे. रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्रात रुजू झाले. शेताचा एक कोपरा सुपीक आणि दुसरा पाणथळ असतो, या रोजच्या अडचणीतून वाफ्यांचे ब्लॉक पाडायचे आणि ट्रीटमेंट नशिबावर सोडायची ही रीत त्यांनी बसवली. वैद्यकाने ती नंतर उचलली. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची १९४८ ची ब्रिटिश चाचणी हे तिचं गाजलेलं उदाहरण: बंद पाकिटांतून वाटणी, औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले, नुसती विश्रांती मिळालेल्या ५२ पैकी १४. अर्थशास्त्रात गरिबीवरच्या अशाच प्रयोगांसाठी अभिजित बॅनर्जी, डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ चं नोबेल मिळालं. शेतातून निघालेली रीत दोन शाखांनी नावारूपाला आणली आणि बुरशीवाल्यांच्या चेंबरमध्ये मात्र ती अजूनही विसरली जाते, हे मला जरा खटकतं.

लेबलवर जे लिहिलंय ते बाटलीत आहे का?

बुरशीची ओळख बहुतेक वेळा डीएनएच्या आयटीएस या तुकड्यावरून पटवतात. क्रम काढायचा, सार्वजनिक डेटाबेसमध्ये टाकायचा, सगळ्यात वर जे नाव येईल ते लिहून टाकायचं. २००६ मधल्या एका तपासणीत अशा डेटाबेसमधल्या बुरशीच्या सुमारे २० टक्के नोंदींवर प्रजातीचं नाव चुकीचं असावं असं दिसलं होतं. शिवाय फ्युजॅरियमसारख्या वंशात जवळच्या प्रजाती आयटीएसवरून वेगळ्या ओळखूच येत नाहीत. तिथे टीईएफ-१ सारखा दुसरा जनुक लागतो.

नावं बदलतात, त्याचाही फटका बसतो. भातावरचा करपा करणाऱ्या बुरशीला पूर्वी मॅग्नापोर्थे ग्रिसिया म्हणत. २००२ मध्ये तिची मॅग्नापोर्थे ओरायझी ही वेगळी प्रजाती मानली गेली, आणि पायरिक्युलारिया ओरायझी हे नावही वापरात आहे. एकाच नावाने शोध घेतलात तर बरंच जुनं काम नजरेआडच राहील.

बटाट्यावरचा उशिरा येणारा करपा तर बुरशी नव्हेच. फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स हा ऊमायसीट, पाण्यातल्या शेवाळांच्या जवळचा. बुरशीच्या पेशीत जे एर्गोस्टेरॉल तयार होतं ते तो बनवतच नाही, म्हणून एर्गोस्टेरॉलच रोखणारी अझोल गटातली बुरशीनाशकं त्याच्यावर चालत नाहीत. ‘औषध निकामी निघालं’ असा निष्कर्ष काढण्याआधी समोर कोण आहे ते बघा.

वैद्यकातली हीच चूक माणसांच्या जिवाशी जोडलेली आहे. स्तनाच्या कर्करोगाची म्हणून प्रयोगशाळांमध्ये वर्षानुवर्षं वापरलेली एमडीए-एमबी-४३५ ही सेल लाइन (प्रयोगशाळेत पिढ्यान्पिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशी) प्रत्यक्षात मेलॅनोमाची, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाची निघाली. आणि अर्थशास्त्रात? घानाने २०१० मध्ये जीडीपी मोजायचं आधारवर्ष (ज्या वर्षाच्या किमती धरून हिशेब करतात ते) बदललं आणि अर्थव्यवस्था कागदावर सुमारे ६० टक्क्यांनी मोठी झाली. नायजेरियात २०१४ मध्ये सुमारे ८९ टक्क्यांनी. आधीची मालिका आणि नंतरची मालिका चिकटवून वाढीचा दर काढलात तर लोकांनी न केलेली प्रगती तुमच्या आलेखात दिसेल.

उपाय कंटाळवाणे आहेत, पण लागू पडतात. बुरशीचे किमान दोन जनुक तपासा, वेगळी केलेली बुरशी निरोगी रोपावर घालून तोच रोग होतो का ते पाहा आणि तिथून पुन्हा तीच बुरशी मिळवा. सेल लाइनचं डीएनए प्रोफाइल करून घ्या. आकडेवारी कुठल्या तारखेला उतरवली आणि कितवी आवृत्ती, हे फाइलच्या नावातच लिहा. आणि तुमच्या कल्चरची लागण अचानक होईनाशी झाली तर आधी रोपांच्या वाणावर किंवा हवेवर खापर फोडू नका. प्लेटवरून प्लेटवर पुन्हा पुन्हा वाढवलेली बुरशी रोग करायची ताकद गमावून बसू शकते. फ्रीझरमधला जुना साठा काढा, किंवा रोपावरून एकदा फिरवून परत वेगळी करा.

मोजायला सोपं तेच मोजलं

हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर ज्यांचे ठोके अनियमित पडतात त्यांना मृत्यूचा धोका जास्त, हे ठाऊक होतं. मग ठोके नियमित करणारी औषधं जीव वाचवणारच, असं धरून ती सर्रास दिली जात होती. अमेरिकेतल्या ‘कास्ट’ चाचणीत एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड अशाच रुग्णांना दिली, ज्यांच्यात या औषधांनी ठोके आवरतात हे आधी पाहून घेतलं होतं. १९९१ मध्ये छापून आलेला निकाल असा: औषध घेणाऱ्या ७५५ पैकी ६३ दगावले, प्लासिबोवरच्या (औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी घेणाऱ्या) ७४३ पैकी २६. ईसीजी सुधारला, माणसं गेली.

पेट्री डिशमधला प्रतिबंधाचा गोल, म्हणजे काचेच्या बशीत बुरशी वाढायची थांबते तो रिकामा पट्टा, हा बुरशीवाल्यांचा ईसीजी आहे. ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी प्लेटवर रोगकारक बुरशीला गिळून टाकते. त्या प्लेटमध्ये भरपूर साखर असते आणि तिसरं कोणी नसतं. मातीत दोन्ही गोष्टी उलट. प्लेटचा निकाल कुठली जात पुढे न्यायची हे निवडण्यापुरता वापरा, ‘रोगनियंत्रण’ हा शब्द शीर्षकात घालण्यासाठी नको.

याच घरातली आणखी एक चूक म्हणजे श्रेणींची सरासरी. हॉर्सफॉल-बॅरॅट ही १९४५ ची जुनी मोजपट्टी घ्या. श्रेणी ३ म्हणजे ३ ते ६ टक्के पान रोगट, श्रेणी ७ म्हणजे ५० ते ७५ टक्के. दोन पानांची सरासरी श्रेणी ५ आली, आणि पाच म्हणजे १२ ते २५ टक्के. पण मधले आकडे धरून बघा: साडेचार आणि साडेबासष्ट यांची सरासरी साडेतेहतीस, म्हणजे श्रेणी ६. श्रेणी आधी टक्क्यांत बदला, मग सरासरी काढा. वेदनेची शून्य ते दहा पट्टी आणि ‘तुम्ही किती समाधानी आहात’ छापाचे सर्वेक्षणाचे गुण यांच्यात तर मागे टक्केच नसतात. तिथे सरासरीऐवजी कुठल्या पायरीवर किती लोक हे दाखवलेलं बरं.

एक्सेल

कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी २०१० मध्ये मांडलं की सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढ सरासरी उणे ०.१ टक्क्यावर येते. काटकसरीची धोरणं रेटताना हा पेपर खूप वापरला गेला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी मूळ फाइल मागून घेतली. सरासरीच्या सूत्रात ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क आलेच नव्हते. शिवाय न्यूझीलंडचं एक वाईट वर्ष आणि ब्रिटनची १९ वर्षं यांना सारखंच वजन होतं. सगळं दुरुस्त केल्यावर आकडा अधिक २.२ झाला. यात सूत्रापेक्षा वजनांचा आणि गाळलेल्या वर्षांचा वाटा मोठा होता, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते एक्सेलच.

जीवशास्त्रात सेप्ट-२, मार्च-१ अशा जनुकांच्या नावांच्या एक्सेल तारखा करून टाकतं. कंटाळून २०२० मध्ये त्या जनुकांचीच नावं बदलली. तुमच्या आयसोलेटचा (वेगळ्या केलेल्या बुरशीच्या नमुन्याचा) क्रमांक रोमन लिपीतला ‘तीन-ई-पाच’ असेल तर एक्सेल त्यातला ‘ई’ दहाचा घात समजतं आणि त्याचे तीन लाख होतात. क्रमांकाचा रकाना उघडतानाच ‘टेक्स्ट’ करून ठेवा आणि मूळ फाइलला हात लावू नका.

मिथुन आणि तूळ

हृदयविकाराच्या झटक्यानंतर ॲस्पिरिन द्यावं का, हे तपासणारी आयसिस-२ चाचणी १९८८ मध्ये छापली गेली, १७,१८७ रुग्णांची. फायदा स्पष्ट होता. संपादकांनी उपगटांचं विश्लेषण मागितलं, तेव्हा संशोधकांनी राशींनुसार फोड करून दाखवली: मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनने किंचित अपायच होतो! एकंदर निकाल सपाट आला म्हणून ‘हलक्या जमिनीत, दुसऱ्या हंगामात, एका वाणावर परिणाम दिसला’ असं लिहायची वेळ आली की ही रास आठवा. कशाची तुलना करणार ते आधी नोंदवून ठेवणं हाच तोडगा. वैद्यकीय चाचण्यांना तशी नोंदणी लागतेच, अर्थतज्ज्ञही करू लागलेत. बुरशीच्या प्रयोगांत ती चाल रुजलेली नाही, पण गाइडला तारखेसह ईमेल करून ठेवायला कोणी अडवत नाही.

दुसऱ्याच्या शाखेत शिरताना

अर्थशास्त्रात लेखकांची नावं बहुधा वर्णक्रमाने असतात, जीवशास्त्रात पहिलं नाव राबणाऱ्याचं आणि शेवटचं प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं. ‘धोका २६ टक्क्यांनी वाढला’ असं वाचलं की कशावरून कशावर ते विचारा. हार्मोन थेरपीवरच्या २००२ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण वर्षाला दहा हजार स्त्रियांमागे ३० वरून ३८ झालं होतं. २६ टक्के आणि दहा हजारांत आठ, दोन्ही खरे; घाबरवतो पहिलाच.

आणि शाखांच्या भिंती बुरशी पाळत नाही. पिकांवर फवारलेल्या अझोलमुळे ॲस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीचे निर्ढावलेले वाण वाढले आणि माणसांच्या फुप्फुसात शिरल्यावर त्याच गटातली औषधं त्यांना जुमानेनात, हे नेदरलँड्समध्ये आधी लक्षात आलं. आता ऑलोरोफिम हे माणसांसाठीचं नवं बुरशीविरोधी औषध विकसित होत असताना इप्फ्लुफेनोक्विन हे पेशीतल्या त्याच एन्झाइमवर काम करणारं बुरशीनाशक शेतीसाठी आलं आहे, आणि एकाला सरावलेली बुरशी दुसऱ्यालाही दाद देत नाही हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. फवारणीचा फायदा एकाच्या पिकाला आणि किंमत दुसऱ्याच्या फुप्फुसाला, हा हिशेब मांडायला अर्थतज्ज्ञ लागतो. बुरशीनाशकावर प्रबंध लिहीत असाल तर ते रुग्णालयातल्या कुठल्या औषधाचं भावंड आहे, हे पहिल्याच प्रकरणात शोधून लिहा.