अमेरिकेहून आणलेली वस्तू प्लगला लावण्याआधी

नागपूरला परतलो त्याच आठवड्यात आईच्या ओट्यावर आमचा अमेरिकन मिक्सर धूर सोडून गेला. तिकडे वीज १२० व्होल्ट, इथे २३०.

सामान बांधतानाच वस्तू उलटी करून 'इनपुट' शोधा, म्हणजे ती किती व्होल्टवर चालते तो आकडा. अक्षरं मुंगीएवढी असतात. मोबाइलने फोटो काढून मोठा करा.

१. १००-२४० लिहिलंय: लॅपटॉप-फोनचे चार्जर बहुधा असेच. बर्डीच्या बाजारातून साधा अडॅप्टर आणा, झालं.

२. नुसतं १२०: मिक्सर, इस्त्री, हेअर ड्रायर. तिकडेच कुणाला तरी देऊन या. १५०० वॉटच्या ड्रायरसाठी त्याहून जास्त वॉटचा, व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, तो धोंड्यासारखा जड.

अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. मी तिथेच फसलो.