जुन्या सिल्वेराडोचा बीसीएम बदलण्याआधी

ही तयारी 2003 ते 2006 या सालांतल्या शेवरले सिल्वेराडोसाठी आहे. जीएमसी सिएरा हे तिचंच जुळं भावंड, तेव्हा तिलाही लागू. अमेरिकेत या पिकअप अजून ढिगाने धावतात, आणि वीस वर्षांनी त्यांचं वायरिंग कुरकुरायला लागलं की पहिला संशय बीसीएमवर, म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूलवर जातो. आतले दिवे, दारांची कुलुपं, चाइम, चोरीविरोधी यंत्रणा, सगळं त्याच्या ताब्यात. पेटी डॅशबोर्डखाली, स्टिअरिंग कॉलमच्या बाजूला असते, आणि काढणं-लावणं फार अवघड नाही. अवघड आहे ती नव्या पेटीची गाडीशी ओळख. ती झाली नाही तर गाडी जागची हलणार नाही. म्हणून गोट्या-पाने शोधण्याआधी बाकीचं जमवा.

सगळ्यात आधी दोष खरंच बीसीएमचाच आहे का, ते पाहा. स्पीडोमीटरचे काटे अडकत असतील किंवा भलतंच दाखवत असतील, तर बीसीएमला हात लावू नका. या वर्षांच्या क्लस्टरमधल्या, म्हणजे चालकासमोरच्या मीटरांच्या पॅनेलमधल्या, काटे फिरवणाऱ्या छोट्या मोटरी जातात, हे सर्वांना ठाऊक असलेलं दुखणं आहे. वायपर मनाला येईल तेव्हा चालत असतील तर वायपर मोटरवरचं सर्किट बोर्ड बघा. गाडी चालू होऊन क्षणात बंद पडते आणि 'सिक्युरिटी'चा दिवा लुकलुकतो, तिथे मात्र गोंधळ होतो. पासलॉक, म्हणजे जीएमची चोरीविरोधी यंत्रणा, इंधन तोडते म्हणून असं होतं, पण पासलॉकचा सेन्सर चावीच्या कुलपापाशी असतो. तो किंवा त्याच्या बारीक वायरी खराब झाल्या तरी लक्षण हेच. नवा बीसीएम घालून हा दोष जाणार नाही, फक्त खिसा हलका होईल.

मग मल्टीमीटर घ्या. इंजिन बंद ठेवून थोडा वेळ थांबल्यावर बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास हवी. त्याहून बरीच खाली असेल तर आधी बॅटरी चार्ज करून तपासून घ्या, कारण कमी व्होल्टेजवर या गाड्यांची मॉड्यूलं वाट्टेल ते दोषाचे कोड टाकतात. फ्यूज नुसते बघू नका, मीटर लावून तपासा. अर्थिंगचे बोल्ट सोडवून, घासून, पुन्हा घट्ट करा. चालकाच्या पायाखालचा गालिचा उचलून हात फिरवा. ओल लागली तर पाणी कुठून येतंय ते शोधल्याशिवाय नवी पेटी तिथे बसवणं म्हणजे तिचीही वाट लावणं. कनेक्टरांत हिरवट गंज असेल तर दोष पेटीत नसून पिनांतही असू शकतो.

स्कॅनर बीसीएमशी बोलतच नसेल, तर निदानाच्या सॉकेटमध्ये 16 नंबरच्या पिनेवर बॅटरीचा प्लस आणि 4 व 5 वर अर्थ येतोय का बघा. या गाड्यांत मॉड्यूलं एकमेकांशी 2 नंबरच्या पिनेवरच्या एकाच वायरीवरून बोलतात, त्याला क्लास 2 म्हणतात. एखादं दुसरंच मॉड्यूल ती वायर अर्थला दाबून धरत असेल तर सगळेच गप्प होतात आणि बळी बीसीएमचा जातो.

एवढं करूनही बोट बीसीएमकडेच असेल, तर पहिली सोय स्कॅनरची. स्वस्तातलं ब्लूटूथ डोंगल इंजिनाचे कोड वाचेल, पण बीसीएमची मांडणी, म्हणजे गाडीची माहिती त्यात भरणं, करू शकणार नाही. त्याला जीएमचा (म्हणजे शेवरले आणि जीएमसी बनवणाऱ्या जनरल मोटर्सचा) टेक 2 स्कॅनर किंवा तेवढ्याच ताकदीचं यंत्र लागतं. टेक 2 च्या नकला बाजारात मिळतात. त्यांच्याबरोबर नव्या गाड्यांसाठी कॅन बसचं (मॉड्यूलांनी एकमेकांशी बोलायच्या नव्या पद्धतीचं) वेगळं जोडयंत्र विकतात, ते या ट्रकला लागत नाही. स्वतः घ्यायचा नसेल तर घरी येऊन प्रोग्रॅमिंग करणाऱ्या माणसाची वेळ आधी ठरवा आणि त्याला दोन प्रश्न स्पष्ट विचारा: या सालाचा बीसीएम करतोस का, आणि वापरलेली पेटी चालेल का? उत्तर मिळेपर्यंत पार्ट मागवू नका.

पार्ट घेताना जुन्या पेटीवरचा नंबर जुळवा, नुसत्या सालावर जाऊ नका. 2002 पर्यंतच्या ट्रकांची विजेची मांडणी वेगळी आहे, 2003 ला ती बदलली. ग्लोव्ह बॉक्समधल्या स्टिकरवर तीन-तीन अक्षरांचे ऑप्शन कोड असतात. त्याचा स्वच्छ फोटो काढा, कारण नव्या पेटीला गाडीत काय काय आहे ते याच कोडांवरून सांगावं लागतं. व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, लिहून ठेवा. जंकयार्डातली (भंगारातल्या गाडीची) पेटी स्वस्त खरी, पण तिच्यात दुसऱ्या गाडीचा व्हीआयएन असू शकतो, आणि मग मूळ रेडिओ 'लॉक्ड' दाखवून बसतो. प्रोग्रॅमिंगवाला ते निस्तरू शकत असेल तरच त्या वाटेला जा. किलोमीटर, खरं तर मैल, क्लस्टरमध्ये साठवलेले असतात. बीसीएम बदलल्याने ते हलत नाहीत, त्याची काळजी नको.

जुनी पेटी थोडीफार जरी बोलत असेल तर तिच्यातली मांडणी आणि सगळे कोड काढण्याआधीच टिपून ठेवा. कनेक्टरांचे फोटो काढा. अवजारं मोजकीच: 7, 8 आणि 10 मिलिमीटरच्या गोट्या, प्लॅस्टिकची पट्टी, डोक्याला लावायचा दिवा. 8 ची गोटी बॅटरीच्या बाजूच्या टर्मिनलांसाठी. निगेटिव्ह सोडवल्यावर काही मिनिटं थांबा आणि पिवळ्या कनेक्टरांना, म्हणजे एअरबॅगच्या वायरींना, हात लावू नका. पेटी हातात घेण्याआधी उघड्या धातूला स्पर्श करा, अंगातली स्थिर वीज तिला मारू शकते.

प्रोग्रॅमिंगच्या वेळी बॅटरीला साधा चार्जर लावून ठेवायचा नाही. त्याचा पुरवठा वरखाली होतो आणि लिहिणं अर्ध्यावर तुटलं तर नवी पेटीही कामातून जाते. स्थिर पुरवठ्याचं यंत्र नसेल तर भरलेली बॅटरी, बंद ब्लोअर, बंद दिवे. गाडीचे सगळे रिमोट जवळ ठेवा, म्हणजे लागलेच तर एकाच बैठकीत जोडता येतील.

मांडणी झाली की पासलॉकला अर्धा तास द्या. सेल मारा, चावी ऑनवर सोडा, सिक्युरिटीचा दिवा विझेपर्यंत साधारण दहा मिनिटं थांबा, मग चावी बंद करा. काही सेकंदांनी पुन्हा तेच, असं तीनदा. त्यानंतरच्या सेलला गाडी चालू व्हायला हवी. मधेच चावी फिरवाल तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून हे काम घाईच्या सकाळी काढू नका, आणि गाडी दुसऱ्याच्या दारासमोर आडवी उभी असतानाही.

शेवटी कोड पुसा, दारं लावा, अर्धा तास सगळं झोपू द्या आणि बॅटरीतून किती करंट जातोय ते मीटरने बघा. 50 मिलिअँपिअरच्या आत हवा. दुकानदार जुनी पेटी कोअर म्हणून, म्हणजे नव्याच्या बदल्यात द्यायचा जुना पार्ट म्हणून, परत मागेल. हे माप नीट येईपर्यंत, आणि ट्रक एखादी थंड रात्र व एखादा पाऊस काढेपर्यंत ती देऊ नका. पावतीवरची मुदत मात्र बघून ठेवा.