नकाशावर पुणं सापडत नाही? आधी आकडे वाचा

नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन लेयर (डेटाचे थर) उघडले, एक दिसतोय आणि दुसरा गायब. अशा वेळी बहुतेक जण सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा चालू करतात, मग नवं व्हर्जन टाकून बघतात. त्याचा क्वचितच उपयोग होतो. दोष सहसा डेटात असतो, आणि डेटातले आकडे नुसते वाचले तरी तो पकडता येतो. खालचं सगळं क्यूजीआयएस धरून लिहिलं आहे, कारण ते फुकट मिळतं. दुसरं सॉफ्टवेअर असलं तरी दुखणी हीच असतात.

पायरी १: लेयर कुठे जाऊन पडलाय ते शोधा

लेयरवर राइट-क्लिक करून 'झूम टू लेयर' म्हणा. समजा तुम्ही पुण्यातल्या वेताळ टेकडीवरची झाडं फोनवर नोंदवली होती आणि ती आता समुद्रात दिसताहेत. घाबरू नका, कोणता समुद्र ते बघा.

नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंड नावाच्या बेटाजवळ झाडं उगवली असतील, तर अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाली आहे. पुणं साधारण १८.५२ उत्तर, ७३.८५ पूर्व. गूगल मॅप्सवरून आकडे उचलले की अक्षांश आधी येतो. नकाशाच्या सॉफ्टवेअरला मात्र एक्स म्हणजे रेखांश आधी लागतो. सीएसव्ही टाकताना एक्सच्या रकान्यात ७३ वाला आकडा गेलाय ना, एवढं तपासा.

आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात पॉइंट पडले असतील, तर एक तर रकान्यांत शून्यं आहेत, नाहीतर अंशांतले आकडे वेब मर्केटरचे (वेबवरच्या नकाशांची पद्धत) मीटर म्हणून वाचले गेलेत. मालदीवच्या पश्चिमेला विषुववृत्तावर पडले असतील, तर तेच अंश यूटीएमचे (जगाचे उभे पट्टे, म्हणजे झोन, पाडून मीटरमध्ये मोजणारी पद्धत) मीटर समजले गेलेत.

पुण्यात काम करणाऱ्याने तीन जोड्या पाठ कराव्यात. ७३ आणि १८ दिसले तर अंश, म्हणजे ईपीएसजी ४३२६ (ईपीएसजी म्हणजे मोजपद्धतीचा ठरलेला क्रमांक). सुमारे ३ लाख ७९ हजार आणि २० लाख ४८ हजार दिसले तर यूटीएम झोन ४३ उत्तर, ईपीएसजी ३२६४३. सुमारे ८२ लाख आणि २१ लाख दिसले तर वेब मर्केटर, ईपीएसजी ३८५७. फाइलबरोबर कुणी काहीही सांगितलं असो, माझा विश्वास या आकड्यांवर. (नागपूरकरांनी हे तसंच उचलू नये; ७८ अंशांच्या पलीकडे झोन ४४ लागतो.)

पायरी २: नाव बदलायचंय की आकडे?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. सीआरएस म्हणजे लेयरमधले आकडे ज्या पद्धतीत वाचायचे ती पद्धत. 'सेट लेयर सीआरएस' म्हणजे बरणीवरची चिठ्ठी बदलणं. आतलं लोणचं तेच राहतं. आकडे खरोखर बदलायचे असतील तर 'एक्सपोर्ट' करताना नवा सीआरएस निवडायचा, किंवा 'रिप्रोजेक्ट लेयर' हे टूल वापरायचं.

लेयर अंशांत आहे, तुम्हाला मीटर हवेत, म्हणून तुम्ही 'सेट'मध्ये ३२६४३ निवडलं, तर लेयर गेलाच मालदीवला. उपाय सोपा आहे: आकडे बघून जो खरा सीआरएस ठरतो तो 'सेट' करा, लेयर पुण्यात परत आला याची खात्री करा, आणि मगच ३२६४३ मध्ये एक्सपोर्ट करा. एकावर एक 'सेट' करत बसू नका, तीनचार वेळा झालं की मूळ काय होतं तेच आठवत नाही.

बफरची तक्रारही इथेच मिटते. शाळेभोवती १०० मीटरचा बफर (ठरावीक अंतराचं वर्तुळ) मागितला आणि अर्ध्या जगावर गोल पडला, म्हणजे तुम्ही १०० अंश मागितलेत.

लेयर पुण्यातच आहे, पण सगळाच्या सगळा एकाच दिशेला एखाद्या आळीएवढा सरकलाय, असं झालं तर वेगळा संशय घ्या. जुन्या टोपोशीटवरून (सर्व्हे ऑफ इंडियाच्या कागदी नकाशावरून) काढलेली रेषा असेल (पुण्याचा मध्यभाग ४७ एफ/१४ या शीटमध्ये येतो), तर ती एव्हरेस्ट डेटमवरची (डेटम म्हणजे आकडे मोजण्यासाठी धरलेला पृथ्वीचा आकार आणि आधार) असण्याची शक्यता मोठी. तिला सरळ डब्ल्यूजीएस ८४ चं (जीपीएसच्या डेटमचं) नाव देऊ नका. एव्हरेस्टवरच आधारलेल्या कलियाणपूर डेटमचा सीआरएस लावून मग रूपांतर करा.

पायरी ३: गुंठे वाढले कुठून?

वेब मर्केटरमध्ये विषुववृत्तापासून जसजसं दूर जावं तसतसं सगळं फुगतं. पुण्याच्या अक्षांशावर क्षेत्रफळ ११-१२ टक्के जास्त येतं. म्हणजे १० गुंठ्यांचा, १,०१२ चौरस मीटरचा प्लॉट तुमच्या टेबलात ११ गुंठ्यांच्या वर जातो. सातबाऱ्याशी ताळा करणारा माणूस समोर असेल तर हे महागात पडतं.

फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये क्षेत्रफळाची दोन सूत्रं आहेत. डॉलरचं चिन्ह लावलेलं 'एरिया' प्रोजेक्टमध्ये निवडलेल्या एलिप्सॉइडवर, म्हणजे पृथ्वीची गोलाई धरून मोजतं. कंसात जिऑमेट्री घेणारं साधं 'एरिया' लेयरच्या सीआरएसमध्ये सपाट मोजतं. दोन्ही काढून बघा. फार फरक आला तर लेयर ३२६४३ मध्ये न्या आणि पुन्हा मोजा.

पायरी ४: मराठी नावं आणि न जुळणारे जॉइन

ॲट्रिब्यूट टेबलात मराठीऐवजी टोप्या घातलेली रोमन अक्षरं दिसली, तर लेयर प्रॉपर्टीजमध्ये 'सोर्स'खाली एन्कोडिंग यूटीएफ-८ करा. तेवढ्यानं काम होतं. पण फाइल जुन्या काळातल्या नॉन-युनिकोड मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल, तर एन्कोडिंग कितीही बदला, उपयोग नाही. मजकूर आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावा लागतो. आकडे देवनागरीत असतील तर क्यूजीआयएस त्यांना मजकूर समजतं. गंमत म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या 'फ्लोट'ला १८.५२ देवनागरीतही कळतं.

जॉइन केल्यावर (समान रकान्यावरून दोन तक्ते जोडल्यावर) सगळा रकाना 'नल', म्हणजे रिकामा, आला तर दोन्ही बाजूंचा प्रकार बघा. एकीकडे पिनकोड आकडा आणि दुसरीकडे मजकूर, हे नेहमीचं. काहीच ओळी सुटल्या असतील तर शेवटी राहिलेली मोकळी जागा 'ट्रिम'ने काढा.

तरीही हट्टीपणे न जुळणारं एखादं नाव उरतं. नद्यांच्या लेयरमध्ये 'कऱ्हा' आहे, तुमच्या तक्त्यातही 'कऱ्हा' आहे, डोळ्यांना तिळमात्र फरक नाही. दोन्हींवर चिन्हं मोजणारं 'लेंग्थ' चालवा: एकीकडे ५, दुसरीकडे ६. एकाने 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर टाइप केलंय, दुसऱ्याने 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह (युनिकोड क्रमांक ८२०५) वापरलंय. नुसतं जोडचिन्ह पुसलं तर रफार तयार होतो, म्हणून तिन्ही मिळून बदलायचे: 'रिप्लेस'ने त्यांच्या जागी 'ऱ' आणि हलन्त. खरं तर गावांच्या नावावर जॉइन करूच नये. जनगणनेचा कोड उपलब्ध असेल तर तोच वापरावा.

शेपफाइल या नकाशाच्या डेटाच्या जुन्या फॉरमॅटबद्दल थोडक्यात: ती एक फाइल नसते. व्हॉट्सॲपवर कुणी नुसती डॉट-एसएचपी पाठवली तर परत मागा, डॉट-एसएचएक्स, डॉट-डीबीएफ आणि डॉट-पीआरजे सकट, झिप करून. रकान्याचं नाव तिथे १० बाइटांत बसवावं लागतं आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, त्यामुळे मराठी शीर्षकं तुटतात. नव्या कामाला जिओपॅकेज हा फॉरमॅट घ्या.

क्लिप किंवा इंटरसेक्शन 'इनव्हॅलिड जिऑमेट्री' म्हणून अडलं, तर हाताने काढलेल्या एखाद्या पॉलिगॉनची कड स्वतःलाच छेदून गेलेली असते. 'फिक्स जिऑमेट्रीज' चालवून पुढे चला.

पायरी ५: स्क्रिप्ट

क्यूजीआयएसचं मॉड्यूल सापडत नाही असा एरर आला, तर तुम्ही ती स्क्रिप्ट वेगळ्याच पायथनमध्ये चालवताय. क्यूजीआयएसच्या आतला पायथन कन्सोल वापरा, किंवा विंडोजवर ओएसजिओ४डब्ल्यू शेल.

फाइलचा पत्ता चुकला तरी क्यूजीआयएसमध्ये लेयर तयार होतो, एरर येत नाही, आणि स्क्रिप्ट दहा ओळी पुढे जाऊन भलत्याच कारणाने कोसळते. म्हणून लेयर उघडल्यावर पुढच्याच ओळीत 'इझव्हॅलिड' (लेयर खरंच उघडला का) विचारा. पत्ता बरोबर असूनही 'नाही' आलं आणि विंडोजवर फोल्डरचं नाव रोमन एन किंवा टीने सुरू होत असेल, तर उलटी तिरकी रेघ आणि ते अक्षर मिळून नवी ओळ किंवा टॅब बनलाय. अवतरणाच्या आधी 'आर' लावा.

जिओपांडाज या पायथन लायब्ररीमध्ये 'सेट_सीआरएस' आणि 'टू_सीआरएस' यांचा फरक दुसऱ्या पायरीतलाच. २०१९ मध्ये आलेल्या जीडीएएल ३ (नकाशाचा डेटा वाचणारी लायब्ररी) पासून ४३२६ साठी अक्षांश आधी धरला जातो, त्यामुळे त्याआधीची स्क्रिप्ट अचानक बेअर आयलंड गाठू शकते. सीआरएस बदलणाऱ्या पायप्रोज या लायब्ररीमध्येही तोच नियम आहे. तिथे ट्रान्सफॉर्मर बनवताना 'ऑलवेज_एक्सवाय' ट्रू ठेवा.

आणि स्क्रिप्ट डेटा प्रोव्हायडरमध्ये, म्हणजे मूळ डेटातच, थेट लिहीत असेल, तर तिथे अनडू नाही. चालवण्याआधी फाइलची प्रत काढा, किंवा एडिटिंग चालू करून लेयरवर बदल करा, नकाशात ते नीट दिसतायत ना ते बघा, आणि मगच 'कमिट' द्या.