विनिपेगच्या थंडीत गाडी गरम करायची ती सुरू करण्याआधी

कॅनडातल्या विनिपेग, सस्काटून किंवा एडमंटनला पहिल्या हिवाळ्यात उतरलेल्या माणसाला पार्किंगमध्ये एक गोष्ट हमखास चक्रावून टाकते. साध्या पेट्रोल गाड्यांच्या पुढच्या जाळीतून तीन पिनांचा प्लग लोंबकळत असतो. तो ब्लॉक हीटरचा प्लग. विनिपेगमध्ये जानेवारीत रात्रीचा पारा सरासरी उणे २१ च्या आसपास असतो, आणि उणे ३० च्या खाली गेलेल्या रात्रीही दर हिवाळ्यात येतात. त्या दिवसांत सकाळी गाडी सुरू होणार की नाही, हे बरंचसं आदल्या रात्री तो प्लग लावला होता का यावर ठरतं.

भारतातून निघताना मात्र आपण वेगळीच शिकवण घेऊन येतो. गाडी सुरू करायची, वीस मिनिटं घुरघुरत ठेवायची, आणि गरम झाली की निघायचं. पद्मिनी आणि जुन्या मारुती ८०० च्या काळात त्याला अर्थ होता. थंड कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ नीट होत नसे, म्हणून चोक ओढून ठेवावा लागे, नाहीतर पहिल्या चौकात गाडी बंद पडे. आता इंजेक्शनच्या गाड्यांत किती पेट्रोल सोडायचं ते कॉम्प्युटर तापमान बघून ठरवतो. तुम्ही इथे घेतलेली पंधरा वर्षं जुनी सिव्हिक किंवा करोलासुद्धा त्यातलीच.

उभ्या गाडीचं इंजिन फार हळू तापतं, कारण त्याच्यावर कामच नसतं. तेवढा वेळ कॉम्प्युटर जास्तीचं पेट्रोल सोडत राहतो. त्यातलं थोडं न जळता सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली ऑइलपॅनमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ करतं. जळलेल्या पेट्रोलातून निघणारी पाण्याची वाफ थंड इंजिनात पुन्हा पाणी होते आणि ऑइलमध्ये मिसळते. ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळट, लोण्यासारखा थर दिसला तर बहुधा तो याचाच. वर अर्ध्या तासात अर्धा ते एक लिटर पेट्रोल जातं. आणि एवढं करून गिअरबॉक्सचं ऑइल, चाकांची बेअरिंग, शॉकअॅब्सॉर्बर आणि टायर हे सगळं थंडच राहतं, कारण ते फक्त गाडी चालल्यावर तापतं.

म्हणून इथला रिवाज असा: सुरू करण्याआधी विजेने गरम करायचं, सुरू केल्यावर थोडंच थांबायचं, आणि उरलेलं गरम होणं हळू चालवत रस्त्यावर होऊ द्यायचं.

ब्लॉक हीटर

हा हीटर म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकमधल्या एका भोकात बसवलेली, कूलंटमध्ये बुडलेली कॉइल. लहान गाड्यांत साधारण ४०० वॉटची, मोठ्या ट्रकमध्ये १,००० वॉटपर्यंत. ती कूलंट तापवते, कूलंट ब्लॉक तापवतो आणि आतलं ऑइल थोडं सैल होतं. बॅटरीला मात्र ती गरम करत नाही, हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो.

गाडी घेताना पहिल्यांदा विचारा: ब्लॉक हीटर आहे का? ऑन्टारिओतून किंवा अमेरिकेतून आलेल्या वापरलेल्या गाड्यांत तो अनेकदा नसतो. कधी हीटर असतो, पण वायर बंपरच्या आत गुंडाळलेली असते. नसेल तर ऑक्टोबरच्या आत बसवून घ्या. गाडीनुसार काही शे डॉलर लागतात आणि नोव्हेंबरात गॅरेजमध्ये तारीख मिळत नाही.

आहे म्हणून चालतोच असं नाही. प्लग लावून मिनिटभराने बोनेटजवळ कान द्या. पाणी तापायला ठेवल्यावर येतो तसा बारीक सूं आवाज यायला हवा. त्याहून पक्की तपासणी मल्टिमीटरने होते. वीज न लावता प्लगच्या दोन चपट्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा: इथल्या १२० व्होल्टवर ४०० वॉटच्या हीटरला ३६ ओहम, ६०० वॉटच्याला २४ ओहमच्या आसपास दिसला पाहिजे. काहीच आकडा आला नाही तर कॉइल किंवा वायर तुटलेली आहे. बहुतेक वेळा वायरच, कारण ती जाळीला घासते आणि थंडीत तिचं प्लास्टिक तडकतं. कॉइल जळते ती कूलंट कमी झाल्यामुळे किंवा कूलंट बदलल्यावर आत हवा राहिल्यामुळे, कारण कॉइल कोरडी पडली की टिकत नाही. काही जीएम (जनरल मोटर्स) गाड्यांच्या वायरमध्येच थर्मोस्टॅट असतो. उणे १८ च्या वर तो वीज जाऊच देत नाही, तेव्हा अशी गाडी उबदार दिवशी तपासून ‘हीटर गेला’ म्हणू नका.

कधी लावायचा? उणे १५ च्या खाली लावलेला बरा, उणे २० च्या खाली लावलाच पाहिजे. निघण्याआधी दोन ते चार तास पुरतात. त्यानंतर जेवढी उष्णता आत जाते तेवढीच बाहेर जाते, गाडी आणखी तापत नाही. ४०० वॉट तीन तास चालला तर सव्वा युनिटच्या आत खर्च. विनिपेगमध्ये युनिट साधारण दहा सेंटला पडतं, म्हणजे हिशोब बारा-तेरा सेंटचा. रात्रभर लावला तरी गाडीला अपाय नाही, फक्त वीज वाया जाते. स्वतःचं घर असेल तर १५ अँपियरचा, बाहेर वापरायचा टायमर घ्या आणि सातला निघायचं असेल तर चारला सुरू होईल असा लावा.

अपार्टमेंटमध्ये टायमरच्या भानगडीत पडण्याआधी ऑफिसात विचारा. तिथल्या पुष्कळ पार्किंगमध्ये वीज सलग नसते. कंट्रोलर थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद करतो किंवा तापमानानुसार वेळ ठरवतो. त्यामुळे प्लगमध्ये दिवा लावून बघितला आणि पेटला नाही, तर लगेच तक्रार करायला धावू नका, अर्ध्या तासाने पुन्हा बघा. चकतीचा टायमर अशा ठिकाणी बिनकामाचा: वीज बंद असली की त्याचं घड्याळही थांबतं आणि पहाटे चार त्याला सकाळी नऊला वाजतात. शिवाय प्लग असलेल्या जागेचं भाडं वेगळं असू शकतं. भाडेकरारात ‘पार्किंग’ लिहिलंय म्हणजे वीज आली असं गृहीत धरू नका.

एक्स्टेन्शन वायर तीन पिनांची, बाहेर वापरायची आणि थंडीत लवचिक राहणारी हवी. पाकिटावर उणे ४० किंवा उणे ५० लिहिलेलं असतं. जाडी १४ गेज घ्या, आखूड वायर असेल तर १६ चालेल. इथे आकडा जितका लहान तितकी तार जाड. दिवाणखान्यातली पातळ तपकिरी वायर वापरली तर ती थंडीत काडीसारखी मोडते आणि जोडावर तापते. लांब वायर गुंडाळीतच ठेवून लावू नका, पूर्ण उलगडा. दोन प्लग जिथे जुळतात तो जोड बर्फात लोळू देऊ नका.

सकाळी आधी प्लग काढा. वायर ओढत निघालेल्या गाड्या दर हिवाळ्यात दिसतात. लोक वायर ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशावरून घेतात ती याचसाठी.

सुरू करताना

दिवे, पंखा, सीटचा हीटर, मागच्या काचेचा हीटर सगळं बंद. किल्ली ‘ऑन’वर आणून दोन-तीन सेकंद थांबा, पेट्रोल पंपाला दाब तयार करू द्या. मग सेल्फ मारा, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. नाही झाली तर मिनिटभर थांबून पुन्हा. दर खेपेला बॅटरी खाली जाते आणि स्टार्टर तापतो, त्यामुळे चवथ्या-पाचव्या खेपेनंतर नशिबाची परीक्षा थांबवा. सेल्फ जोरात फिरतोय, पेट्रोलचा वास येतोय पण इंजिन पेट घेत नाही, तर इंजिन ‘फ्लड’ झालंय. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. बहुतेक गाड्यांत त्या स्थितीत कॉम्प्युटर पेट्रोल सोडणं थांबवतो आणि आतलं जादा पेट्रोल बाहेर फेकलं जातं.

हे फ्लड होणं बहुतेकदा आपणच ओढवून घेतो. बर्फ उपसायला गाडी दहा फूट मागे घेतली, लगेच बंद केली, की इंजिनातले स्पार्क प्लग पेट्रोलने ओले राहतात आणि पुढच्या वेळी गाडी रुसते. उणे २० मध्ये एकदा सुरू केलेली गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवल्याशिवाय बंद करू नका.

ब्लॉक हीटर लावलेला असेल तर सुरू झाल्यावर तीस सेकंद ते एक मिनिट पुरे. प्लग नव्हता आणि पारा उणे २५ च्या खाली असेल तर तीन ते पाच मिनिटं. सुरुवातीला आरपीएम १,२०० ते १,५०० वर असतो. तो खाली उतरू लागला की निघायला हरकत नाही. तेवढ्या वेळात काचा खरवडा. पुढची, मागची, बाजूच्या सगळ्या आणि छतावरचा बर्फही, नाहीतर पहिल्या ब्रेकला तो पुढच्या काचेवर येतो. काचेवर गरम पाणी ओतायचं नाही, तडकते. गोठलेला वायपर चालू केला तर फ्यूज किंवा मोटर जाते.

पहिली पाच-दहा मिनिटं आरपीएम २,५०० च्या आत ठेवा आणि सरळ हायवेवर उडी घेऊ नका. चाकांतून ठक ठक आवाज आला तर घाबरू नका: रात्रभर एकाच जागी दबून टायरचा तळ सपाट झालेला असतो, काही किलोमीटरमध्ये गोल होतो. हीटरचा पंखा इंजिनाच्या तापमानाचा काटा हलेपर्यंत कमी ठेवा, नाहीतर थंड हवाच अंगावर येते. काचा आतून धुरकट होत असतील तर हवा आतल्या आत फिरवायचं बटण बंद करा आणि एसी चालू करा. उणे थंडीत एसी हा वेडेपणा वाटतो, पण तो हवेतला ओलावा काढतो. अतिथंडीत काही गाड्या तो चालू होऊच देत नाहीत.

रिमोट स्टार्टर इथे सर्रास असतो आणि तो दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप बंद होतो. सोयीचा आहे, पण ब्लॉक हीटरची जागा घेत नाही. किल्ली आत ठेवून, गाडी चालू सोडून वर चहा प्यायला जाऊ नका. थंडीच्या लाटेत चोर अशाच गाड्या शोधत असतात. बऱ्याच शहरांत उभी गाडी किती वेळ चालू ठेवायची यावर नियम आहेत, आपल्या शहराचा बघून घ्या.

आणि यात कसलीही सूट नाही: गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवायची नाही, शटर उघडं असलं तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो घरात शिरतो. बर्फ पडल्यावर गाडी सुरू करण्याआधी सायलेन्सरचा पाइप मोकळा आहे ना, हे खाली वाकून बघा.

बॅटरी आणि पातळ पदार्थ

ब्लॉक हीटर असूनही गाडी रुसली तर पहिला संशय बॅटरीवर. उणे १८ ला चांगल्या बॅटरीचीसुद्धा निम्म्याहून जास्त ताकद जाते, आणि नेमक्या त्याच वेळी घट्ट ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. बॅटरीवर सीसीए (थंडीत इंजिन फिरवण्याची ताकद) म्हणून आकडा असतो, तो उणे १८ वर मोजलेला असतो. नवी घेताना मूळ आकड्यापेक्षा कमीची घेऊ नका. चार-पाच वर्षं झाली असतील तर हिवाळ्याआधीच तपासून घ्या. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. उतरलेली बॅटरी उणे १० च्या आसपासच गोठू शकते, भरलेली उणे ५० लाही गोठत नाही. फुगलेल्या किंवा गोठलेल्या बॅटरीला बूस्ट (दुसऱ्या बॅटरीचा जोर) देऊ नका, ती फुटू शकते. दहा मिनिटांच्या फेऱ्यांत बॅटरी भरत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग चालवा.

प्लगची सोयच नसेल तर बॅटरी रात्री घरात आणता येते. बहुतेक गाड्यांत १० मिलिमीटरचा पाना लागतो. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी.

ऑइल गाडीच्या पुस्तकात असेल तेच, पण पर्याय दिलेला असेल तर ०डब्ल्यू घ्या (डब्ल्यूआधीचा आकडा जितका लहान तितकं ऑइल थंडीत पातळ). सेल्फने इंजिन फिरेल का याची चाचणी ०डब्ल्यू ऑइलची उणे ३५ वर होते, ५डब्ल्यूची उणे ३० वर आणि १०डब्ल्यूची उणे २५ वर. कूलंट निम्मं पाण्यात मिसळलेलं असेल तर उणे ३७ पर्यंत टिकतं, साठ टक्के असेल तर उणे ५० च्या पलीकडे. शुद्ध कूलंट ओतणं हा उलटा उपाय, ते उणे १२-१३ लाच गोठू लागतं. काच धुवायचं पाणी उणे ४० चं घ्या आणि उन्हाळ्याचं उरलेलं आधी संपवा. पेट्रोलची टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. टायरची हवा दर ५ ते ६ अंशांना सुमारे १ पीएसआय उतरते, म्हणून पहिल्या थंडीत डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटतो. दाराच्या चौकटीवरच्या आकड्याएवढी हवा भरा, तीही टायर थंड असताना.

बातम्यांत ‘विंड चिलसह उणे ४०’ ऐकून लोक घाबरतात. विंड चिल म्हणजे वाऱ्यामुळे माणसाच्या कातडीला जाणवणारी थंडी. हवा उणे २८ असेल तर इंजिन उणे २८ च्या खाली जात नाही, वाऱ्याने फक्त तिथपर्यंत लवकर पोचतं. वरचे सगळे आकडे हवेच्या खऱ्या तापमानाचे आहेत. वाऱ्यासाठी एवढंच करा, की पार्क करताना गाडीचं तोंड भिंतीकडे ठेवा.

बूस्ट द्यायची वेळ आलीच तर क्रम असा: लाल वायर आधी बंद गाडीच्या पॉझिटिव्हला, मग चालू गाडीच्या पॉझिटिव्हला, काळी चालू गाडीच्या निगेटिव्हला आणि काळीचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. पाच-दहा मिनिटं थांबून सेल्फ मारा. धक्का मारून सुरू करणं विसरा, ऑटोमॅटिक गाडीत ते होत नाही. सीएएची (कॅनेडियन ऑटोमोबाइल असोसिएशन, बंद पडलेल्या गाडीला मदत करणारी संस्था) मेंबरशिप असली तरी थंडीच्या लाटेत मदतीला येणारी गाडी तासन् तास लागते. लिथियमचा छोटा बूस्टर जवळ ठेवा, पण डिकीत नाही, घरात. थंडीत तोही अर्धमेला होतो.