फोमच्या एअर फिल्टरला तेल सारखे लावण्यासाठी
ट्रायल्स मोटारसायकलच्या (खडक-ओंडक्यांसारख्या अडथळ्यांवरून पाय न टेकता चालवण्याच्या स्पर्धेतील गाडीच्या) फोमच्या एअर फिल्टरला बोटांनी तेल लावले की ते एका जागी साचते, दुसरी जागा कोरडी राहते आणि नेमकी तेथूनच धूळ इंजिनात शिरते. त्यासाठी फिल्टर काढताच कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या तोंडात स्वच्छ फडके कोंबावे, फोम आधी रॉकेलमध्ये व मग साबणाच्या कोमट पाण्यात दाबून-दाबून धुवावा आणि सावलीत पूर्ण वाळवावा. नंतर तो जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यावर फिल्टर ऑइल (फोमच्या फिल्टरसाठीचे खास चिकट तेल) ओतावे व रंग सर्वत्र एकसारखा दिसेपर्यंत पिशवी बाहेरून मळावी. हात चिकट होत नाहीत, हा वेगळाच फायदा. फोम पिळू मात्र नये आणि पेट्रोलने तर धुऊच नये, कारण त्याने जोडाचा गोंद सुटतो. किक मारण्यापूर्वी फडके आठवणीने काढावे.