केबलवर चालणारा कृत्रिम हात : मुलाला घरी सवय कशी लावावी

कोपराखाली हात नसलेल्या तीन-चार वर्षांच्या मुलाला कृत्रिम हात मिळाला, की घरच्यांना पहिली घाई होते ती त्या हाताने घास खाऊन दाखवण्याची. ती करू नका. घास, पेन्सिल ही कामं मूल दुसऱ्या हाताने उत्तम करतं. या हाताचं काम धरून ठेवायचं: कापताना कागद, उघडताना डबा, चेन ओढताना दप्तर.

घालणं. आधी उरलेल्या हातावर सुती मोजा, एकही सुरकुती न ठेवता. मग सॉकेट, म्हणजे उरलेला हात ज्यात बसतो तो कृत्रिम हाताचा पोकळ भाग, मग खांद्यांभोवतीचा आठच्या आकाराचा पट्टा. पट्ट्याची पाठीवरची फुली मानेच्या तळाशी उठून दिसणाऱ्या मणक्याखाली, किंचित दुसऱ्या हाताच्या बाजूला हवी.

सुरुवात 15-20 मिनिटांनी, दिवसातून दोन-तीनदा. काढल्यावर दर वेळी त्वचा बघा. लाली 20 मिनिटांत ओसरली तर वेळ हळूहळू वाढवा. राहिली, फोड आला किंवा साल निघाली तर हात बाजूला ठेवून प्रोस्थेटिस्टला (कृत्रिम अवयव बनवून बसवणाऱ्या तज्ज्ञाला) दाखवा. मोजा रोज धुतलेला. उकाड्यात दुपारी बदला, घामानेच पहिली पुरळ येते.

उघडणं. दंड पुढे गेला की पट्ट्याला जोडलेली केबल ताणते आणि हुक, म्हणजे हाताच्या टोकाचा चिमटा, उघडतो. ताण सुटला की रबरबँड तो मिटवतो. मुलाच्या मागे बसा, त्याचा दंड धरून पुढे न्या, हुक उघडताना त्याला बघू द्या. सुरुवातीला एकच रबरबँड पुरे, जास्त लावले तर उघडायलाच जोर पडतो. पहिल्यांदा स्पंजचा तुकडा तुम्ही हुकात द्या, मग टोपलीत सोडायला सांगा. नंतर लाकडी ठोकळा, शेवटी मणी आणि कागद.

इथे एक गोष्ट हमखास होते. मूल ठोकळा धरून लांबच्या टोपलीकडे हात नेतं आणि ठोकळा वाटेतच पडतो. चूक त्याची नसते: हात पुढे गेल्यावर केबल आपोआप ताणते. टोपली जवळ आणा. तरीही पडत असेल तर केबल आखूड आहे का ते तपासून घ्या. उलट, हुक पूर्ण उघडतच नसेल तर पट्टा बहुधा सैल झालेला असतो. छातीजवळ उघडणं सर्वांत अवघड, कारण दंड पुढे न्यायला जागा नसते. तिथे दोन्ही खांदे पुढे आवळायला शिकवावं लागतं. याला काही आठवडे लागतात.

रोजची कामं. खेळणीच निवडा: मणी ओवणं (दोरा हुकात, मणी बोटांत), एकमेकांत अडकवलेले ठोकळे सोडवणं, तीनचाकीचं हँडल धरणं. मूल कंटाळलं की हात काढून ठेवा. जबरदस्ती केली तर ते हात दिसताच पळतं.

मूल वाढतं, सॉकेट वाढत नाही. साधारण वर्ष-दीड वर्षात तो बदलावा लागतो. कडेला मांस फुगून येणं, कोपराच्या हाडावर वळ उठणं किंवा मुलाने अचानक हात नाकारणं, यातलं काहीही दिसलं तर तारखेची वाट न बघता माप घ्यायला न्या. मुंबईत हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्थेत मापही घेतात आणि ऑक्युपेशनल थेरपीही (रोजची कामं करायला शिकवणारे उपचार) मिळते. जाताना जुना हात आणि मोजे सोबत न्या.