तबकडीबाहेरची धूळ शोधताना या चुका टाळा

देवयानी तारकासमूहातली एनजीसी 891 ही सर्पिल दीर्घिका सुमारे 3 कोटी प्रकाशवर्षांवर आहे आणि जवळजवळ अगदी कडेने दिसते. तिच्या मधल्या काळ्या पट्ट्यातून निघालेले धुळीचे धागे तबकडीच्या (दीर्घिकेच्या चपट्या, ताऱ्यांनी भरलेल्या भागाच्या) प्रतलापासून 2 किलोपार्सेकपर्यंत (1 किलोपार्सेक म्हणजे सुमारे 3,260 प्रकाशवर्षं) जातात, हे खगोलशास्त्रज्ञ होक आणि सॅव्हेज यांनी 1997 मध्ये ॲरिझोनातल्या 3.5 मीटर विन दुर्बिणीच्या प्रतिमांवरून दाखवलं. असे धागे इतर दीर्घिकांत शोधताना घोळ होतात ते साधारण असे.

पहिली फसगत कलाची, म्हणजे दीर्घिका किती कडेने दिसते त्याची (अगदी कडेने म्हणजे 90 अंश). दीर्घिका 86 अंशांनी कललेली असेल, तर केंद्रापासून 10 किलोपार्सेकवरची, तबकडीतलीच धूळ 0.7 किलोपार्सेक 'वर' दिसते. 89 अंशांना हाच आकडा 0.17 वर येतो. म्हणून आधी कल पाहा, आणि धागे दोन्ही बाजूंना आहेत का तेही. सगळी धूळ एकाच बाजूला असेल तर संशय घ्यायलाच हवा. तबकडीच्या कडा मुरडलेल्या असल्या तरी असाच भास होतो.

धागे उठून दिसावेत म्हणून मूळ प्रतिमेला तिच्याच धूसर केलेल्या प्रतीने भागतात. धूसरपणा धाग्याच्या रुंदीपेक्षा बराच जास्त ठेवा, नाहीतर धागाच पुसला जातो. तेजस्वी ताऱ्यांभोवती याच क्रियेने खोटी काळी कडी तयार होतात. प्रत्येक धागा मूळ प्रतिमेत दिसतो का, हे तपासल्याशिवाय मोजू नका. एनजीसी 891 मध्ये 1 विकलेत (अंशाच्या 3,600व्या भागात) 46 पार्सेक मावतात, तेव्हा हवेच्या हालचालीने प्रतिमा 3 विकलांनी पसरत असेल त्या रात्री बारीक धाग्यांचा नाद सोडलेला बरा.

वस्तुमान काढताना मात्र जाणकारही घसरतात. काळेपणा दिसतो तो मागे ताऱ्यांचा प्रकाश असेल तरच. ढग दीर्घिकेच्या मधोमध असेल तर निम्मे तारे त्याच्या पुढे असतात. मग तो पूर्ण अपारदर्शक असला, तरी प्रकाश जेमतेम 0.75 प्रतीने (प्रत हे तेजस्विता मोजायचं एकक) मंदावतो. शिवाय अशा ढगाचा काळेपणा निळ्या आणि अवरक्ताजवळच्या फिल्टरमध्ये सारखाच येतो. एरवी धूळ निळा प्रकाश जास्त अडवते आणि मागचे तारे लालसर दिसतात, इथे तसं होत नाही. त्यामुळे 'लाली नाही, म्हणजे धूळ नाही' हा निष्कर्ष चुकीचा. धूळ आणि वायू यांचं आपल्या आकाशगंगेतलं प्रमाण धरलं, तर दृश्य प्रकाशातल्या 1 प्रतीमागे दर चौरस पार्सेकला सुमारे 15 सूर्यांइतका हायड्रोजन निघतो. मोजलेल्या काळेपणावरून काढलेला हा आकडा किमान मर्यादा म्हणूनच लिहा. उंचावर धागे संपले म्हणजे धूळ संपली, असंही नाही: तिथे मागचा उजेडच संपलेला असतो.

पार्श्वभूमीचा चढ-उतार काढणारं सॉफ्टवेअर दीर्घिकेभोवतीच्या प्रभामंडळाचा फिका उजेडही खाऊन टाकतं. नमुन्याचे बिंदू दीर्घिकेपासून लांब घ्या.

अवरक्तात धूळ स्वतः चमकते, पण हर्शेल या अवकाश दुर्बिणीची 250 मायक्रॉन तरंगलांबीची प्रतिमा 18 विकलांनी पसरट असते, म्हणजे एनजीसी 891 मध्ये 0.8 किलोपार्सेक. तेजस्वी तबकडीचा उजेड तेवढा बाहेर सांडतोच. आधी निव्वळ पातळ तबकडीचं प्रारूप तितकंच पसरवून पाहा. त्यावर जे उरेल तेच बाहेरच्या धुळीच्या खात्यात मांडा.